ताफ्याबरोबर धावणारी पाणबुडी हवी होती कोणाला?

20 जून 1940. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम बंदराबाहेर समुद्र खवळलेला. गस्तीवरच्या 'क्लाइड' या ब्रिटिश पाणबुडीच्या पेरिस्कोपमध्ये जर्मनीची 'ग्नायझेनाऊ' आली. तीस हजार टनांहून मोठी युद्धनौका, 31 नॉटने पळणारी (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर). क्लाइडने सोडलेल्या टॉर्पेडोंपैकी एक तिच्या पुढच्या टोकाला लागला आणि भगदाड पडलं. ग्नायझेनाऊ माघारी फिरली, पुढे दुरुस्तीसाठी कीलला गेली आणि त्या उन्हाळ्यातून बाद झाली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनने बांधलेल्या 'फ्लीट सबमरीन'ची, म्हणजे ताफ्याबरोबर धावणाऱ्या पाणबुड्यांची बाजू घेणारे लोक हा एक टॉर्पेडो पुढे करतात. बघा, म्हणतात, बांधल्या त्या वाया गेल्या नाहीत.

मला तर तो टॉर्पेडो नेमकी उलट साक्ष देताना दिसतो. क्लाइड त्या दिवशी एकटी होती. आजूबाजूला ब्रिटिश ताफा नव्हता. तिचा सगळ्यात महागडा गुण म्हणजे पृष्ठभागावरचा 22 नॉटचा वेग. 31 नॉटच्या शिकारीचा पाठलाग करायला तो काही कामाचा नव्हता. ती वाटेत दबा धरून बसली होती, शिकार जवळ आली आणि तिने नेम धरला. हे काम तिच्या निम्म्याहून लहान पाणबुडीलाही जमलं असतं. जमलंच होतं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'स्पिअरफिश' या एस वर्गातल्या (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या पाणबुड्या) चिमुकल्या पाणबुडीने जर्मन 'ल्युत्सो'चा मागचा भाग असा मोडला होता की ते जहाज वर्षभर लढाईत उतरू शकलं नाही. त्याच्या दोनच दिवस आधी टी वर्गातल्या 'ट्रुअंट'ने 'कार्ल्सरूह' ही क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, कायमची संपवली. आणि 1939 च्या डिसेंबरात एस वर्गातल्याच 'सॅमन'ने एकाच हल्ल्यात 'लाइप्झिश' आणि 'न्यूर्नबर्ग' या दोन क्रूझर जायबंदी केल्या होत्या.

मग 22 नॉट कशासाठी?

गोष्ट पहिल्या महायुद्धात सुरू होते. ब्रिटनच्या ग्रँड फ्लीटच्या, म्हणजे मुख्य आरमाराच्या, सेनापतींच्या मनात एक चित्र होतं. दोन्ही आरमारं समोरासमोर येतील, आपल्या रांगेबरोबर पाणबुड्याही धावत येतील, ऐन लढाईच्या तोंडावर बुडी मारतील आणि शत्रूच्या बगलेत टॉर्पेडो सोडतील. चित्र देखणं होतं, त्यात वाद नाही. फक्त त्यासाठी पाणबुडीला पृष्ठभागावर युद्धनौकांइतका वेग हवा होता, आणि त्या वेळच्या डिझेल इंजिनांत तेवढी ताकद नव्हती. डिझेलवरच्या जे वर्गाची मजल 19 नॉटच्या आसपास संपली. तेव्हा उपाय निघाला तो वाफेचा. पाणबुडीत बॉयलर.

वाचताना हसू येतं, पण के वर्गाच्या पाणबुड्या खरोखर अशाच होत्या. 339 फूट लांब, जवळजवळ दोन हजार टनांच्या, 24 नॉट वेगाच्या. वर दोन धुराडी. बुडी मारायची तर आधी बॉयलर विझवायचे, मग धुराडी बिजागरीवर आडवी पाडायची, त्यांच्या तोंडावर झाकणं बसवायची, बॉयलरना हवा पुरवणाऱ्या मोठाल्या झडपा बंद करायच्या, वाफेच्या टर्बाइनवरून विजेच्या मोटारीवर यायचं आणि मग पाण्याच्या टाक्या भरायच्या. साध्या पाणबुडीला बुडी मारायला मिनिट-दीड मिनिट पुरायचं, हिला चांगल्या दिवशीही चार-पाच मिनिटं लागत. विझवलेल्या बॉयलरची धग बंद पोटातच कोंडून राही. शिवाय भोकं किती! त्यातलं एक उघडं राहिलं की संपलं.

29 जानेवारी 1917 ला तेच झालं. 'के 13' स्कॉटलंडच्या गेअरलॉखमध्ये चाचणीला उतरली होती. आत कारखान्याची माणसं धरून 80 जण. बॉयलरखोलीच्या हवेच्या झडपा उघड्या राहिल्या, बुडी मारताच मागचा भाग पाण्याने भरला आणि ती तळाशी जाऊन बसली. 32 जण गेले. उरलेल्या 48 जणांना बाहेर काढायला दोन दिवसांहून जास्त वेळ लागला: पुढचं टोक पाण्याच्या वर उचलून, पत्रा कापून. नौदलाने तीच पाणबुडी वर काढली, दुरुस्त केली आणि तिचं नाव बदलून 'के 22' ठेवलं. अपशकुनी आकडा पुसला म्हणजे अपशकुन टळतो अशी समजूत खलाशांची असते असं म्हणतात. इथे ती वरपर्यंत पोचलेली दिसते.

वर्षभराने, 31 जानेवारी 1918 च्या रात्री, ज्या कामासाठी या पाणबुड्या घडवल्या होत्या त्याचीच रंगीत तालीम निघाली. स्कॉटलंडमधल्या रोसाइथहून आरमार सरावाला निघालं. त्यात नऊ के पाणबुड्या, दोन तुकड्यांत, मोठ्या जहाजांच्या पुढेमागे रांगेने. दिवे मंद केलेले, मधूनच धुक्याचे पट्टे. मे बेटाजवळ काही लहान सुरुंगशोधक नावा आडव्या आल्या. त्यांना चुकवताना 'के 14'चं सुकाणू अडकलं आणि मागून येणारी 'के 22' तिच्यावर धडकली. होय, तीच 'के 22'. नंतर मागून येणारी बॅटल क्रूझर 'इन्फ्लेक्सिबल' त्या 'के 22'ला घासून गेली. मदतीला मागे वळलेल्या जहाजांमुळे गोंधळ वाढला. 'फिअरलेस' ही क्रूझर 'के 17'वर आदळली, 'के 6' 'के 4'वर आदळली. पाण्यात पोहणाऱ्या खलाशांवरून त्यांच्याच विनाशिका गेल्या. सव्वा तासाच्या आसपास हे चाललं. दोन पाणबुड्या बुडाल्या, चार मोडल्या, 104 माणसं मेली. जवळपास एकही जर्मन जहाज नव्हतं. सैनिकी विनोदाने या रात्रीला 'मे बेटाची लढाई' असं नाव दिलं, आणि सरकारने ती लोकांपासून कित्येक वर्षं झाकून ठेवली.

एकूण 18 के पाणबुड्या पुऱ्या झाल्या. त्यांतल्या सहा अपघातांत बुडाल्या. शत्रूशी गाठ पडल्याची नोंद एकच: 1917 च्या जूनमध्ये 'के 7'ने एका जर्मन पाणबुडीवर टॉर्पेडो मारला. तो लागला, पण फुटला नाही.

हे सगळं के वर्गाच्या नावाने बोटं मोडायला सांगत नाही. ते काम इतरांनी भरपूर केलं आहे. मला पुढच्या दहा वर्षांत रस आहे, कारण या अनुभवानंतर कोणताही शहाणा माणूस कल्पना सोडून देईल असं वाटतं, आणि नौदलाने फक्त बॉयलर सोडले. दोष वाफेचा आहे, कल्पनेचा नाही, असं ठरलं. डिझेल पुरेसं सुधारलं की तीच पाणबुडी पुन्हा बांधू. 1929 च्या जहाजबांधणी कार्यक्रमात ती संधी आली आणि बॅरोच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँग गोदीत 'थेम्स' उभी राहू लागली. 1932 च्या जानेवारीत ती पाण्यात उतरली, 1934 मध्ये 'सेव्हर्न' आणि 'क्लाइड' उतरल्या. तिघींना नद्यांची नावं. असे 20 नग बांधायचे बेत होते.

अभियंत्यांनी आपलं काम चोख केलं, हे इथे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. जास्तीची हवा दाबून भरणारे सुपरचार्जर लावून दोन डिझेल इंजिनांतून दहा हजार अश्वशक्ती काढली. 345 फुटांचं धूड 22 नॉटने पळालं. मागितलेला आकडा मिळाला. पण वजन कुठून तरी कापावं लागतंच. ते कापलं कवचाच्या जाडीतून, म्हणजे आधीच्या ओडिन वर्गाच्या पाणबुड्या जितक्या खोल जाऊ शकत तितकं खोल जायची मुभा हिला उरली नाही. पाणबुडीची ढाल म्हणजे खोली. ती देऊन तिने वेग घेतला, आणि वेग वापरायचा होता पृष्ठभागावर, जिथे ती सगळ्यात दुबळी.

आणि हा 22 आकडा तरी आला कुठून? त्या वेळच्या ब्रिटिश युद्धनौका 21 ते 23 नॉटच्या होत्या. त्यांच्याबरोबर राहायचं म्हणून 22. क्लाइड कामावर रुजू झाली तोवर फ्रान्सची 'डंकर्क' 29 नॉटच्या पुढे जायच्या तयारीत होती, आणि 1937 च्या सुरुवातीला ब्रिटनने स्वतःच 28 नॉटच्या 'किंग जॉर्ज पंचम'ची बांधणी सुरू केली. ज्या ताफ्याबरोबर पळायचं तो ताफाच पुढे निघून गेला. तिसऱ्या नगावर वर्ग थांबला.

पण समजा नवीन युद्धनौकाही 21 नॉटच्याच राहिल्या असत्या. तरी काय साधलं असतं? माझा खरा आक्षेप इथे आहे. पाणबुडी पाण्याखाली गेली की आठ-दहा नॉटवर येते, तेही थोडाच वेळ, कारण बॅटरी संपते. म्हणजे ताफ्याबरोबर 22 नॉटने आलेली पाणबुडी लढाई सुरू होताच मागे पडणार. शत्रू तिच्याकडे वळला तर ठीक, नाही तर ती रिकामी. त्याहून वाईट म्हणजे आजूबाजूला सगळी आपलीच जहाजं. आणि पाणबुडी ओळखता येत नाही. पेरिस्कोप आपला की परका हे दुरून पाहणाऱ्या विनाशिकेला कसं कळावं? तिला एकच शिकवलेलं: दिसला पेरिस्कोप की घाल अंगावर. युद्ध सुरू होऊन आठवडा झाला होता, 10 सप्टेंबर 1939, तेव्हा 'ट्रायटन' या ब्रिटिश पाणबुडीने नॉर्वेजवळ 'ऑक्सली' या ब्रिटिशच पाणबुडीला टॉर्पेडो मारून बुडवलं. ऑक्सली आपल्या ठरलेल्या गस्तीच्या हद्दीबाहेर आली होती. दिव्याने केलेल्या खुणांना उत्तर मिळालं नाही. दोनच माणसं वाचली. हे दोन पाणबुड्यांचं झालं, रात्री, शांतपणे, वेळ घेऊन. आता हीच गोष्ट धुरात आणि तोफांच्या भडिमारात, पन्नास जहाजांच्या मध्ये घडवून बघा.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नव्हताच. मागणीच्या कागदावर वेग लिहिला होता, पण तिथे पोचल्यावर पाणबुडीने नेमकं काय करायचं हे त्यात नव्हतं.

'तेव्हा कोणाला काय कळणार होतं, आज आपण शहाणपणा सांगतो', असं कोणी म्हणेल. हे मला पटत नाही. कळायला पुरेसं घडून गेलं होतं. 22 सप्टेंबर 1914 ला जर्मनीच्या पाचशे टनांच्या 'यू 9' पाणबुडीने तासा-दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या आणि चौदाशेहून जास्त माणसं मेली. 1915 मध्ये ब्रिटनच्या ई वर्गाच्या पाणबुड्या, साधारण 660 टनांच्या, पंधरा नॉटच्या, डार्डनेल्सची सामुद्रधुनी पार करून मार्मारा समुद्रात शिरल्या आणि 'ई 11' तर थेट कॉन्स्टँटिनोपलच्या बंदरात पोचली. म्हणजे पाणबुडी काय करू शकते हे ब्रिटिश नौदलाने सोसलंही होतं आणि स्वतः करूनही दाखवलं होतं: एकटीने, हळू, लपून, शत्रूच्या दारात. स्वतःचा अनुभव समोर ठेवूनही त्यांना ती युद्धनौकांच्या वरातीत हवी होती.

का? एक उत्तर मानसिक आहे. ज्या अधिकाऱ्यांचं आयुष्य मोठ्या जहाजांवर गेलं, त्यांना आरमाराची किंमत रांगेत मोजायची सवय. रांगेत न बसणारी वस्तू त्यांच्या हिशेबात धरली जात नाही, म्हणून तिला रांगेत बसेल अशी कापायची.

दुसरं उत्तर जास्त गमतीचं आहे आणि त्याच्याकडे फारसं लक्ष जात नाही. आरमारांना मर्यादा घालण्यासाठी भरलेल्या 1921-22 च्या वॉशिंग्टन परिषदेत ब्रिटनने पाणबुड्यांवर जगभर बंदी घालावी असं सुचवलं होतं. ते कोणी मानलं नाही. 1930 च्या लंडन करारात ब्रिटनने ती मागणी पुन्हा लावून धरली. बंदी आली नाही, मर्यादा आली, आणि व्यापारी जहाजांवर पाणबुडीने हल्ला करताना पाळायचे नियम आले: आधी माणसांना सुरक्षित जागी पोचवायचं, मग जहाज बुडवायचं. ब्रिटन बेट आहे, त्याचं धान्य समुद्रावरून येतं, तेव्हा हे त्याच्या सोयीचंच होतं. पण त्यामुळे पंचाईत अशी झाली की ज्या कामाला पाणबुडी सगळ्यात लायक ते काम ब्रिटनने स्वतःच पापाच्या यादीत टाकलं. मग आपल्या पाणबुड्यांना द्यायचं काय? काहीतरी प्रतिष्ठित काम शोधणं भाग होतं. ताफ्याबरोबर चालणं हे तसं प्रतिष्ठित काम. परिषदेत बंदीची भाषणं आणि बॅरोत 22 नॉटची पाणबुडी, या दोन गोष्टी विसंगत वाटतात, पण माझ्या मते त्या एकाच मनाच्या आहेत.

त्या काळातली बाकीची अपत्यंही पाहा. 'एक्स 1', 1925 साली पुरी झालेली, चार तोफा वाहणारी क्रूझर-पाणबुडी, सतत इंजिनं बिघडत आणि 1936 ला मोडीत. 'एम 1' वर बारा इंची तोफ, 1925 मध्ये एका स्वीडिश जहाजाशी टक्कर होऊन 69 जणांसह तळाला. 'एम 2' वर विमानाचं खोपटं, 1932 च्या जानेवारीत 60 जणांसह बुडाली, सापडली तेव्हा खोपट्याचं दार उघडं होतं. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय. प्रत्येक वेळी पाणबुडीला आणखी काहीतरी व्हायला सांगितलं: तू युद्धनौका हो, क्रूझर हो, विमानवाहू हो. पाणबुडी हो, एवढंच कोणी सांगेना.

लंडन कराराने एका बाबतीत मात्र या मंडळींवर उपकार केले. करारात ब्रिटनच्या वाट्याला एकूण 52,700 टनांच्या पाणबुड्या आल्या. कोटा ठरला की भागाकार करावाच लागतो. थेम्ससारख्या 1,800 टनांच्या बांधल्या तर 29. टी वर्गातल्या 1,090 टनांच्या बांधल्या तर 48. यू वर्गातल्या 540 टनांच्या बांधल्या तर 97. स्वप्नाला कात्री लागली ती शहाणपणामुळे नव्हे, कोट्यामुळे, तेव्हा तिच्याबद्दल मला फारसा आदर बाळगावासा वाटत नाही. पण टी वर्ग त्या भागाकारातून जन्मला, आणि तो ब्रिटिश पाणबुडीदलाचा कणा ठरला. यू वर्गाची तर गंमत. सुरुवातीला तीनच मागवल्या, त्याही बव्हंशी सरावासाठी, आपल्या विनाशिकांना पाणबुडी शोधायची सवय व्हावी म्हणून. त्याच वर्गातली 'अपहोल्डर' 1941 मध्ये माल्टाहून निघून उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन सेनापती रोमेलच्या रसदीची जहाजं बुडवत राहिली, आणि 1942 च्या एप्रिलमध्ये बुडेपर्यंत ब्रिटनची सगळ्यात यशस्वी पाणबुडी झाली. व्यापारी जहाजं, हे लक्षात घ्या. पापाच्या यादीतलं काम.

मोठ्या पाणबुड्यांचं भूमध्य समुद्रात काय झालं तेही सांगायला हवं. जपानशी लढायला म्हणून बांधलेल्या ओ आणि पी वर्गाच्या लांब पल्ल्याच्या पाणबुड्या 1940 मध्ये चीनच्या ठाण्यावरून भूमध्यात आणल्या. इटली युद्धात उतरली आणि पुढच्या दोनेक महिन्यांत 'ओडिन', 'ऑर्फियस', 'फिनिक्स', 'ऑसवाल्ड' गेल्या, सुरुंग पेरणारी मोठी 'ग्रॅम्पस'ही गेली. तिथलं पाणी उथळ आणि नितळ. या पाणबुड्यांच्या बाहेरच्या तेलटाक्या रिबिटांनी जोडलेल्या, त्यांतून तेल झिरपे आणि पाण्यावर तवंगाची रेघ उमटे. लपायचा धंदा, आणि मागे पत्ता सोडत जायचं.

आता थेम्स भगिनींचं. 'थेम्स' 1940 च्या जुलैअखेरीस नॉर्वेच्या बाजूला गस्तीला गेली आणि परतली नाही, बहुधा सुरुंगावर गेली. 'क्लाइड'च्या नशिबात आणखी एक नाट्य होतं. 1941 च्या सप्टेंबरात, गुप्त संदेश फोडून मिळालेल्या माहितीवरून, ती केप व्हर्डेच्या टराफल उपसागरात रात्री शिरली. तिथे जर्मन पाणबुड्या गुपचूप भेटणार होत्या. अंधारात एकामागून एक तीन पाणबुड्या तिच्यासमोर आल्या. टॉर्पेडो चुकले, आणि शेवटी 'यू 67' थेट क्लाइडवर येऊन धडकली. नाक वाकवून घेऊन ती जर्मन पाणबुडी घरी गेली. क्लाइड तरंगत राहिली. मग वेढलेल्या माल्टाला पेट्रोल आणि दारूगोळा पोचवायला हिचं मोठं पोट कामी आलं. जास्त माल मावावा म्हणून बॅटरीचा एक भागसुद्धा काढून टाकला. आरमाराच्या आघाडीला धावण्यासाठी बांधलेली पाणबुडी मालवाहू झाली, आणि खरं सांगायचं तर त्या कामात ती उत्तम होती. माल्टाच्या माणसांना तिच्या वेगाशी देणंघेणं नव्हतं, टाक्यांशी होतं.

'सेव्हर्न' आणि 'क्लाइड' पुढे सिलोनला, त्रिंकोमालीला आल्या. युद्ध संपल्यावर क्लाइड डर्बनला मोडीत निघाली आणि सेव्हर्न 1946 मध्ये आपल्या मुंबईत. तिचं पोलाद पुढे कशाकशात गेलं कोण जाणे.

इथे एक आडवा पुरावा आहे आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. अमेरिकेने नेमकी हीच कल्पना उचलली होती. त्यांच्याही पाणबुडीला 'फ्लीट बोट' म्हणत, त्यांनाही ताफ्याबरोबर पळायला 20-21 नॉट हवे होते, त्यांचेही पहिले नग फसले. पण 1940 च्या सुमारास आलेल्या टँबर आणि गॅटो वर्गाच्या पाणबुड्यांनी प्रशांत महासागरात जपानच्या व्यापाराचं कंबरडं मोडलं. मग कल्पना चूक कशी? माझं उत्तर असं: अमेरिकी पाणबुड्या ताफ्याबरोबर कधी लढल्याच नाहीत. मोठ्या आकाराने त्यांना दिलं ते वेगळंच: हजारो मैलांचा पल्ला, भरपूर टॉर्पेडो आणि राहण्यालायक जागा, अगदी वातानुकूलनसुद्धा. विषुववृत्ताजवळ दीड-दोन महिने बंद डब्यात राहणाऱ्या माणसाला ते किती मोलाचं असतं ते मुंबईत मे महिना काढलेल्याला सांगायला नको. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच दिवशी त्यांनी नियमांचा कागद बाजूला ठेवला आणि पाणबुड्यांना व्यापारी जहाजांवर मोकळं सोडलं. त्या कामाचं नैतिक मोजमाप वेगळं करायला हवं. पण वस्तूचं काम बदललं म्हणून वस्तू चालली, कागदावरचं काम बरोबर होतं म्हणून नव्हे.

हे सगळं आज कशाला उगाळायचं? कारण असे कागद आपल्याकडेही लिहिले जातात. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी एकदा बोलून दाखवलं होतं की लष्कराच्या काही अटी कॉमिक्समधून उचलल्यासारख्या वाटतात. गोव्याच्या माणसाला शोभेल असं सरळ बोलणं. ते हवेतलं नव्हतं. 2011 मध्ये आपण अशी रायफल मागवली होती जिची नळी बदलून एकदा 5.56 आणि एकदा 7.62 मिलिमीटरची गोळी झाडता येईल. सैनिकाने रणात नळ्या घेऊन फिरायचं का, ती कधी बदलायची, हे कोणी विचारलं असेल तर ते कागदावर उतरलं नाही. 2015 मध्ये ती निविदा गुंडाळली. चार वर्षं सैनिक जुनीच रायफल खांद्यावर वागवत राहिला.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या सुरक्षाविषयक समितीने दोन अणुशक्तीवर चालणाऱ्या हल्लेखोर पाणबुड्या देशात बांधायला मंजुरी दिली. निर्णयाला माझा विरोध नाही. गंमत अशी की ब्रिटिश नौदल आजही अशा पाणबुडीला 'फ्लीट सबमरीन'च म्हणतं. 1963 च्या 'ड्रेडनॉट'पासून अणुभट्टीने तो जुना प्रश्न सोडवला: पाण्याखालीही ताफ्याच्या वेगाने, बॅटरीची फिकीर न करता. 1917 चं स्वप्न पुरं झालं असं म्हणता येईल. पण प्रत्यक्ष युद्धात या जातीच्या पाणबुडीने टॉर्पेडोने जहाज बुडवल्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग आठवा. 2 मे 1982, फॉकलंड युद्ध, दक्षिण अटलांटिक. ब्रिटनची 'काँकरर' अर्जेंटिनाच्या 'जनरल बेलग्रानो' या क्रूझरच्या मागावर होती. एकटी. आपल्या ताफ्यापासून दूर. आणि तिने वापरले ते मार्क 8 जातीचे टॉर्पेडो, थेम्स आणि क्लाइड वाहत होत्या त्याच घराण्यातले. वेग, अणुभट्टी, सगळं नवं. पण काम तेच, 'यू 9'चं आणि 'ई 11'चं.

आपल्या दोन पाणबुड्यांबद्दल वर्तमानपत्रांत किती टन, किती टक्के स्वदेशी, किती हजार कोटी हे छापून आलं. माझगाव गोदीत 'कलवरी' ही पाणबुडी बांधली तेव्हाही असंच आलं होतं. तिच्यासाठी निवडलेल्या टॉर्पेडोंची खरेदी 2016 मध्ये रद्द झाली आणि 2017 च्या डिसेंबरात ती जुन्या धाटणीच्या टॉर्पेडोंवरच नौदलात दाखल झाली. त्याची चर्चा मात्र जाणकारांपुरती राहिली. गुप्तता मला समजते. पाणबुडी किती खोल जाते, कुठे फिरते हे चव्हाट्यावर सांगू नये. पण काम कोणतं हे गुपित नसतं. विमानवाहू जहाजाच्या पुढे चालून त्याला राखायचं? आपल्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांची पाठराखण करायची? की मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी एकटीने बसायचं? या तिन्ही कामांना वेगवेगळी पाणबुडी लागते, निदान वेगवेगळ्या संख्येने लागते. आणि दोन नगांत एक बहुतेक वेळ गोदीतच असणार. तिन्ही कामं दोघींकडून होतील असं कागदावर लिहिलं असेल, तर तो कागद मला ओळखीचा वाटतो.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीत बसणाऱ्या एखाद्या खासदाराने टनांच्या आधी हे विचारावं. आणि उत्तर 'ताफ्याबरोबर' असं आलं, तर लगेच पुढचं विचारावं: रात्री, खवळलेल्या समुद्रात, आपल्याच विनाशिकेला पाण्याखालून एक आवाज ऐकू आला, तर तो आपल्याच पाणबुडीचा आहे हे तिने कसं ओळखायचं आणि ओळखायला तिच्याकडे किती मिनिटं असतील?